डब्यात उरलेल्या अकरा गोळ्या

आमच्या घरी, अमळनेरला, फळीवर बिस्किटाचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. घरातली सगळी औषधं त्यात. कोरोनाची दुसरी लाट ओसरल्यावर, २०२१ च्या जूनमध्ये, एका दुपारी मी तो डबा सतरंजीवर पालथा केला. अझिथ्रोमायसिनची पाच पाकिटं निघाली. एकही पाकीट भरलेलं नव्हतं आणि एकही रिकामं नव्हतं. कुठे दोन गोळ्या घेतलेल्या, कुठे तीन. उरलेल्या मोजल्या, त्या अकरा भरल्या.

अब्बा खाटेवर बसून माझा हिशेब पाहत होते. त्यांचं वय तेव्हा त्र्याऐंशी. गावातल्या एका दवाखान्यात त्यांनी चाळीस वर्षं कंपाउंडरकी केलेली. ते म्हणाले, "आम्ही ही औषधं मोजूनमापून द्यायचो रे. तुम्ही त्यांचे फुटाणे केले."

हे बोलणं मला लागलं. मी काही डॉक्टर नाही. बी. ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस आहे. पण 'फुटाणे केले' म्हणजे नेमकं काय केलं, आणि केव्हापासून, हे शोधायचं मी ठरवलं. शोध घेताना शंभर वर्षं मागे जावं लागलं. मित्रहो, ती हकिकत आज तुम्हाला सांगतो.

माझी दादी १९१८ साली नऊ-दहा वर्षांची होती. त्या वर्षीच्या साथीला ती 'मानमोडी' म्हणायची. ताप आला की धडधाकट माणूस मान टाकायचा, म्हणून मानमोडी. ती सांगायची, एकाला माती देऊन माणसं कब्रस्तानातून परतत नाहीत तोच दुसऱ्यासाठी कुदळी उचलाव्या लागत. शेजारच्या आळीत सरणाला लाकडं पुरत नसत. हे सांगताना ती आवाज खाली आणायची, जणू साथ अजून दाराबाहेर बसली आहे.

कागदोपत्री इतिहासही तेच सांगतो. हा इन्फ्ल्यूएन्झा १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरात उतरला. पहिलं महायुद्ध संपत आलं होतं, बोटींमधून शिपाई ये-जा करत होते. बंदरातून तो रेल्वेने आत शिरला. आमचं अमळनेर सुरत-भुसावळ मार्गावरचं गाव, मुंबईचा माल आणि मुंबईची माणसं इथे रोजची. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरमधली दुसरी लाट काळ बनून आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्यात त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेलेला, धान्य महाग, अंगात ताकद नाही. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांवर माणसं दगावली. साऱ्या हिंदुस्थानातला आकडा अभ्यासक एक कोटी वीस लाखांपासून एक कोटी ऐंशी लाखांपर्यंत सांगतात. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली, त्याचं एक मोठं कारण ही साथ.

पण माणसं मेली ती नेमकी कशाने? हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. त्या वेळी डॉक्टरांना या तापाचं मूळच ठाऊक नव्हतं. जर्मनीतल्या फायफर नावाच्या शास्त्रज्ञाने १८९२ साली इन्फ्ल्यूएन्झाचा जिवाणू सापडल्याचं सांगितलं होतं, आणि पुष्कळांचा त्यावर विश्वास होता. माणसाच्या इन्फ्ल्यूएन्झाचा खरा विषाणू हाती लागला तो १९३३ मध्ये. पुढे २००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी १९१८ मध्ये मेलेल्या माणसांच्या फुप्फुसांचे जपून ठेवलेले तुकडे पुन्हा तपासले, जुने शवविच्छेदनाचे अहवाल चाळले. निष्कर्ष असा निघाला की बहुतेक मृत्यू एकट्या विषाणूने झाले नव्हते. विषाणूने श्वासनळीचं आतलं अस्तर खरवडून काढलं, आणि त्या उघड्या दारातून नाकाघशातले जिवाणू फुप्फुसात उतरले. न्यूमोनिया झाला, आणि न्यूमोनियाने माणूस नेला.

म्हणजे बघा, १९१८ मध्ये आपल्याकडे जिवाणू मारणारं औषध असतं तर लाखो जीव वाचले असते. ते नव्हतं. काढे होते, कोयनेल होतं, नवस होते, ताईत होते.

ते औषध आलं दहा वर्षांनी. १९२८ मध्ये लंडनच्या अलेक्झांडर फ्लेमिंगला बुरशीतून पेनिसिलीनचा सुगावा लागला. फ्लोरी आणि चेन यांनी त्याचं औषध करून दाखवलं, आणि १९४५ मध्ये तिघांना मिळून नोबेल मिळालं. त्या समारंभाच्या भाषणात फ्लेमिंगने एक इशारा दिला होता. त्याने एक कल्पित गृहस्थ उभा केला. त्याचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलीन विकत आणतो आणि अपुरं घेतो. जिवाणू मरत नाहीत, उलट औषधाला तोंड द्यायला शिकतात. पुढे तेच शिकलेले जिवाणू त्याच्या बायकोला न्यूमोनिया करतात आणि पेनिसिलीन देऊनही ती दगावते. औषध बाजारात नीट यायच्या आत त्याला जन्म देणाराच हे सांगून गेला. आमच्या डब्यातल्या त्या अपुऱ्या पाकिटांकडे पाहताना मला हाच गृहस्थ आठवला.

आपल्याकडे पेनिसिलीन परदेशातून यायचं आणि फार महाग पडायचं. म्हणून स्वतंत्र भारताने पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना काढला. स्थापना १९५४ ची, उत्पादन १९५५ पासून. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी त्याला हात दिला. आज पिंपरी म्हटलं की मोटारी आठवतात, पण त्या माळावरच्या औद्योगिक वस्तीची सुरुवात या औषधापासून झाली. पेनिसिलीन मराठी मुलखात बनू लागलं, आणि ते आमच्यासारख्या गावांपर्यंत पोहोचलं.

अब्बा १९६० च्या सुमाराला दवाखान्यात लागले. त्या काळचा दवाखाना तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. लाकडी बाक, पडद्याआड डॉक्टर, आणि खिडकीमागे कंपाउंडर. मिक्श्चरच्या बाटलीला डोसांच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी चिकटवायची. काचेची पिचकारी आणि सुया स्टोव्हवर उकळायच्या. पेनिसिलीन द्यायच्या आधी हातावर थोडंसं टोचून बघायचं, गांध उठते का म्हणून. अब्बा सांगत, एकदा एका शेतमजुराचं तीन वर्षांचं पोर आणलं. छाती भात्यासारखी हलत होती, ओठ काळे पडलेले. डॉक्टरांनी पेनिसिलीन सुरू केलं. तिसऱ्या दिवशी त्या पोराने अब्बांच्या हातातली रिकामी बाटली मागितली खेळायला. ती हकिकत सांगताना अब्बांचा चेहरा दरवेळी उजळायचा.

ज्या पिढीने मानमोडी पाहिली होती, तिने हेही पाहिलं. छाती भरलेला माणूस हमखास जायचा, तो आता सुईने उठून बसू लागला. मग सुईवर श्रद्धा बसली तर नवल काय? बाजाराच्या दिवशी खेड्यावरून आलेली माणसं खिडकीशी येऊन सांगत, "माले सुई टोची द्या, बाकी काही नको." साधं पडसं असलं तरी सुईच हवी. खोकला, ताप आणि छाती हे शब्द एकत्र आले की अँटिबायोटिक, हे समीकरण तेव्हा मनात बसलं. ते खोट्या अनुभवातून बसलेलं नव्हतं, खऱ्या अनुभवातून बसलं होतं. म्हणून तर ते पुसता येत नाही.

१९५७ मध्ये आशियाई फ्लूची साथ आली. भारतात सुमारे ४४ लाख रुग्णांची नोंद झाली आणि मृत्यू नोंदले गेले ते सुमारे अकराशे. १९१८ च्या मानाने हे काहीच नव्हे. विषाणू तुलनेने सौम्य होता हे त्याचं मोठं कारण. पण न्यूमोनिया झालाच तर आता हाताशी औषध होतं, हेही विसरून चालणार नाही.

इथे भाषेबद्दल थोडं बोलतो, कारण ती माझी वाट आहे. मराठीत 'जिवाणू' आणि 'विषाणू' या शब्दांचं यमक जुळतं. कवीला यमकाचा मोह असतो, आणि यमक कवीला फसवतंही. ऐकताना वाटतं, हे दोघे सख्खे भाऊ, एकाला लागू पडणारं औषध दुसऱ्यालाही पडेल. प्रत्यक्षात त्यांचं काही नातं नाही. जिवाणू ही एक जिवंत पेशी. तिला स्वतःची भिंत आहे, स्वतःचा कारभार आहे. पेनिसिलीन ती भिंत बांधू देत नाही, अझिथ्रोमायसिन आतलं प्रथिनं बनवण्याचं काम बंद पाडतं. विषाणूला ना भिंत, ना स्वतःचा कारखाना. तो आपल्याच पेशीत घुसून आपल्याच यंत्रावर आपली नक्कल काढतो. मग अँटिबायोटिक मारणार कशाला? पडसं, फ्लू, कोरोना हे विषाणूंचे आजार. त्यांना ही औषधं लागू नाहीत.

अझिथ्रोमायसिनची जन्मकथाही गमतीची आहे. १९८० मध्ये तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या झाग्रेब शहरात, प्लिव्हा नावाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत ते सापडलं. शरीरात ते बराच काळ टिकून राहतं, म्हणून दिवसाला एक गोळी, तीन नाहीतर पाच दिवस, एवढंच पुरतं. हा त्याचा गुण, आणि हाच पुढे त्याचा शाप झाला. सुटसुटीत पाकीट, नाव लक्षात राहणारं, पोटाला फारसा त्रास नाही. २०१९ सालच्या देशातल्या खाजगी औषधविक्रीच्या अभ्यासात सर्वांत जास्त खपलेलं अँटिबायोटिक निघालं ते अझिथ्रोमायसिनची पाचशेची गोळी. म्हणजे कोरोना येण्याआधीच आपण तयार होतो.

डॉक्टरांवर सगळा दोष टाकून मोकळं होणं सोपं आहे. पण लहान गावातल्या डॉक्टरची अडचण अब्बांनी मला समजावली होती. समोर तापाने फणफणलेला माणूस. आजार जिवाणूचा की विषाणूचा हे सांगणारी तपासणी हाताशी नाही, असली तर तिचे पैसे परवडत नाहीत. रोजंदारी बुडवून आलेला माणूस, उद्या पुन्हा येईल याचा भरवसा नाही. आणि गोळी लिहून दिली नाही तर तो समोरच्या दवाखान्यात जाणार. अशा वेळी डॉक्टर सावधगिरी म्हणून लिहितो, रुग्ण समाधानाने घेतो. दोघांच्याही मनात वाईट काही नसतं. अशी समाधानं मात्र देशभर रोज लाखोंनी होतात.

आणि मग २०२० आलं. एप्रिलच्या उत्तरार्धात आमच्या गावात रुग्ण सापडू लागले, आणि जिल्ह्याच्या बातम्यांत अमळनेरचं नाव रोज येऊ लागलं. गल्ल्या बांबूंनी बंद झाल्या. बरेच दवाखाने बंद. डॉक्टर फोनवर, औषधाची चिठ्ठी मोबाइलवर. एकाची चिठ्ठी दहा घरांत फिरायची. मीही ती फिरवली. मोहल्ल्यात कुणाला ताप आला की मी मेडिकलवरून पाकीट आणून द्यायचो आणि मनाशी म्हणायचो, आपण काहीतरी करतोय.

या गोळीचं नाव कोरोनाशी जोडलं गेलं ते फ्रान्समधून. मार्सेलच्या एका संस्थेने २० मार्च २०२० ला एक अभ्यास प्रसिद्ध केला. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि अझिथ्रोमायसिन मिळून गुण येतो, असा त्यात दावा होता. ही दोन्ही औषधं मिळून दिलेले रुग्ण त्यात होते फक्त सहा. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्याचा डंका पिटला आणि जगभर धावाधाव झाली. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही ३१ मार्चच्या सूचनांत अतिगंभीर रुग्णांसाठी ही जोडी सुचवली, आणि जूनच्या सूचनांतून अझिथ्रोमायसिन काढून टाकलं. पण कागदावरून निघालेली गोळी लोकांच्या मनातून निघाली नाही. तो मूळ अभ्यास अखेर डिसेंबर २०२४ मध्ये मागे घेतला गेला.

खरी परीक्षा झाली ती इंग्लंडमध्ये. तिथल्या साध्या दवाखान्यांतल्या, घरीच उपचार घेणाऱ्या वयस्क रुग्णांवर एक मोठी चाचणी घेतली गेली. काहींना तीन दिवस अझिथ्रोमायसिन दिलं, काहींना नेहमीचीच काळजी. माणूस लवकर बरा होण्यात दखल घ्यावा असा फरक पडला नाही. हा निष्कर्ष मार्च २०२१ मध्ये छापून आला. तेव्हा खानदेशात दुसरी लाट चढत होती, आणि आमच्याकडे गोळ्यांची पाकिटं हातोहात जात होती. आपल्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने मेच्या शेवटी सौम्य रुग्णांच्या उपचारांतून असली सगळी औषधं वगळली. तोवर लाट ओसरू लागली होती.

पहिल्या लाटेचा हिशेब एका संशोधकगटाने मांडला आहे. जून ते सप्टेंबर २०२० या चार महिन्यांत भारतात अँटिबायोटिक्सचे सुमारे २१ कोटी ६४ लाख डोस नेहमीपेक्षा जास्त खपले, असा त्यांचा अंदाज. त्यातले सुमारे ३ कोटी ८० लाख अझिथ्रोमायसिनचे. त्याच वर्षी श्रीमंत देशांत मात्र या औषधांचा वापर घटला होता. आणि गरज किती होती? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने दहा मोठ्या रुग्णालयांतले सतरा हजारांवर कोरोना रुग्ण पाहिले. जिवाणूंचा किंवा बुरशीचा जोडसंसर्ग झाला होता फक्त ३.६ टक्क्यांना. हे रुग्णालयात दाखल झालेले लोक. घरी असलेल्यांचं तर बोलायलाच नको.

म्हणजे १९१८ मध्ये जे औषध हवं होतं आणि नव्हतं, ते २०२० मध्ये होतं आणि बहुतेकांना नको होतं. दादीच्या आठवणीने आम्हाला घाबरवलं, अब्बांच्या आठवणीने दिलासा दिला, आणि दोन्ही खऱ्या आठवणींनी मिळून आम्हाला चुकीच्या गोळीकडे नेलं.

आता घरचं सांगतो. एप्रिल २०२१, रमजानचे दिवस. अब्बांना ताप आला. मी डब्यातलं पाकीट काढलं. ते म्हणाले, "हे याच्यासाठी नाही." मी ऐकलं नाही. दोन गोळ्या झाल्या, ताप उतरल्यासारखा वाटला, बंद केल्या. पुन्हा चढला, दुसरं पाकीट. असे सहा दिवस गेले. गोळी चालू आहे म्हणून आम्ही निर्धास्त होतो. ऑक्सिमीटर शेजाऱ्यांकडून सातव्या दिवशी आणला. आकडा ८६ होता. मग धावाधाव, खाटेसाठी फोन, प्राणवायू. नऊ दिवसांनी अब्बा घरी आले, अल्लाची मेहेर. पण त्या सहा दिवसांचं ओझं माझ्यावरून उतरलेलं नाही. त्या गोळ्यांनी अब्बांना बरं केलं नाही, एवढंच असतं तर मी विसरलो असतो. त्यांनी मला स्वस्थ बसवलं, आणि ज्या वेळी बोटाला यंत्र लावायचं होतं ती वेळ गेली.

दुसरं नुकसान याहून मोठं आहे, आणि ते सावकाश होतं. आपल्याकडे टायफॉईड नवा नाही. त्यावरची पूर्वीची पुष्कळ औषधं आता नीट चालत नाहीत. तोंडाने घ्यायची जी थोडी उरली, त्यांत अझिथ्रोमायसिन आहे. २०२३ मध्ये माझ्या मुलीला टायफॉईड झाला. डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला पाठवलं, मगच औषध लिहिलं. तेच होतं. तिला ते लागू पडलं. ती गोळी तिच्या हातावर ठेवताना मला त्या अकरा गोळ्या आठवल्या. आपण फुकट घेतलेली प्रत्येक गोळी आपल्या पोटातल्या, घशातल्या जिवाणूंना धडा शिकवून जाते, आणि ते शिकलेले जिवाणू शेजाऱ्याच्या घरीही जातात. जगात २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे सुमारे १२ लाख ७० हजार माणसं दगावली, असा अंदाज आहे.

म्हणून अँटिबायोटिक घ्यायचंच नाही, असं मी म्हणत नाही. त्या शेतमजुराच्या पोराला ते मिळालं नसतं तर? पाकिटावर उभी लाल रेघ असते, ती डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून घेऊ नका असं सांगते. २०२४ च्या जानेवारीत सरकारने डॉक्टरांना विनंती केली की अशी औषधं लिहिताना ती कशासाठी हेही लिहा. आपणही विचारावं, "डॉक्टर, हे कशासाठी?" आणि डॉक्टर म्हणाले की याला अँटिबायोटिक नको, तर त्या दवाखान्यातून हिरमुसून न जाता तिथेच पुन्हा जावं. शेजाऱ्याची चिठ्ठी आणि गेल्या वर्षीचं उरलेलं पाकीट, ही दोन दुखणी तर घरातच बरी करता येतात.

अब्बा २०२३ च्या हिवाळ्यात गेले, वयाने. डबा अजून फळीवर आहे. त्यात ताप उतरवायची गोळी आहे, मीठसाखरेची पुडी आहे, थर्मामीटर आहे आणि ऑक्सिमीटर आहे. परवा पाहुण्यांच्या मुलाला खोकला झाला तेव्हा त्यांनी विचारलं, "भाईजान, घरात अझी असेल ना?" मी म्हणालो, "नाही. आधी दवाखान्यात दाखवू या."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)